चौतीस, एकतीस, सत्तावीस

१२ जानेवारी

ती. दादास,
टाचणीचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. तिकडेही ठीक असल्याचं तू लिहिणारच, म्हणून ते विचारत नाही. मापं विचारते.

सोबत सहा टोपडी पाठवली आहेत. परवा दुकानात नव्याने लागलेल्या बाईने ती पाहिली आणि कुणाकडे बाळ झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, बाळ सत्तावन्न वर्षांचं आहे आणि ते टोपडं डोक्याला घालत नाही, पायाला घालतं. मग तिला सगळं पुराण सांगावं लागलं. बत्तीस वर्षांपूर्वी लष्कराचा ट्रक सुरुंगावर गेला. भावाचा डावा पाय मांडीतून गेला, उजवा गुडघ्याखाली, आणि डावा हात मनगटाच्या वर. कृत्रिम पायाच्या वाटीत उरलेल्या पायाचा खुंट घालायचा तर मध्ये काहीतरी मऊ लागतं. मला एकोणिसाव्या वर्षी बाळाच्या टोपड्याखेरीज काही विणता येत नव्हतं, म्हणून बंद न लावता तेच विणून दिलं, आणि अजून तेच देते. बाई डोळे पुसायला लागली. मला वैताग आला. शाळेचे चाळीस गणवेश कापायचे पडले होते आणि ही रडत बसली.

दादा, एक विचारू का? तुझी उजव्या पायाची मापं अडीच वर्षं तीच येतायत. चौतीस, एकतीस, सत्तावीस. एका सुताचा फरक नाही. माझ्याकडे येणारी माणसं सहा महिन्यांत कमरेला सुटतात नाहीतर आटतात, आणि तुझा खुंट म्हणजे काय दगडाचा आहे? तुला साखरेचा आजार झाल्यापासून तर तू वाळलायस असं वहिनी म्हणते. नीट मोज. सर्जनने तेव्हा काय सांगितलं होतं ते मला अजून पाठ आहे. हा एक गुडघा वाचलाय, खुर्चीतून उठणं, पायरी चढणं, संडासला जाणं सगळं याच्या जिवावर आहे, याला जपा. बाबा मान हलवत होते आणि मी लिहून घेत होते.

या वेळी टोपड्यांची पद्धत जरा बदलली आहे. विणलेली नाहीत, ताणणाऱ्या कापडाची शिवली आहेत. हल्ली असंच करतात.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती कमी करू नये.

तुझी
टाचणी


२७ जानेवारी

चि. टाचणीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. एक्कावन्न वर्षांच्या बाईला चि. लिहिताना हसू येतं, पण दुसरं काही लिहिलं तर तू चिडशील.

टोपडी मिळाली, छान आहेत. मापं घे: चौतीस, एकतीस, सत्तावीस. सकाळी, पाय लावायच्या आधी, गुडघ्याखाली चार बोटांवर, मधे आणि टोकाला, तू शिकवलंस तसंच मोजलं. टेपचं एक टोक दातात धरून. फरक नाही तर नाही. आपल्या घरात एक तरी वस्तू जागच्या जागी आहे म्हणून आनंद मान.

माझं चाललंय. बस डेपोत मी अजून त्याच केबिनमध्ये बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर ते माइकवर सांगतो. केबिन अजून वरच आहे. अकरा लोखंडी पायऱ्या. ती खाली आणायचा अर्ज नऊ वर्षं फिरतोय, माझ्यापेक्षा तोच जास्त चालला. मॅनेजर चांगला माणूस आहे. तो म्हणतो, चढवत नसेल तर सांगा, दुसरा माणूस बघू. एवढ्या प्रेमाने सांगतो की मी त्याला तीनदा चढून उतरून दाखवलं. उजवा खांदा कुरकुर करतो, कारण कठड्याला धरून अख्खा देह तोच ओढतो. डॉक्टर म्हणाले, हा खांदा सत्तावन्न वर्षांच्या माणसाचा नाही, ऐंशीच्या हमालाचा आहे. त्यांना म्हटलं, हमालाला दोन खांदे असतात.

आता खरी बातमी. युनिटमधून पत्र आलंय. दोन मेला स्मारकाची भिंत उघडणार, तिच्यावर आमच्या वेळच्या गेलेल्यांची नावं. आमचे तेव्हाचे साहेब आता फार मोठे झालेत, त्यांनी स्वतःच्या हाताने खाली दोन ओळी लिहिल्या आहेत. पडद्याची दोरी मी ओढावी, आणि शक्य असेल तर उभ्याने. आपल्या माणसाने उभं राहिलेलं सगळ्यांना दिसू दे, असं लिहिलंय. ड्रायव्हरची बायकोही येणार आहे. तुला आमच्या ट्रकचा ड्रायव्हर आठवतो ना? माझ्या शेजारच्या खाटेवर होता, तू त्याला पेल्याने पाणी पाजायचीस. त्याच्या नावासमोर मी बसून राहणार नाही.

लोभ आहे तेवढाच ठेव. वाढवलास तर सांभाळायला माझ्याकडे एकच हात आहे.

तुझा
दादा


१८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि माझा विश्वास बसला नाही. दोरी ओढण्याबद्दल नाही, मापांबद्दल. पुढच्या वेळी मापं वहिनीने घ्यायची आणि तिच्या अक्षरात पाठवायची. तू दातात टेप धरून काय मोजतोस ते देव जाणे.

आकडा उतरला असेल तर वाटी ढिली झाली, आणि ढिल्या वाटीत खुंट आदळत राहतो, हे तुला मी सांगायचं का? कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारागिराकडे जा. तो नवीन वाटी करून देईल. दोन महिने पाय त्याच्याकडे राहील आणि तू चाकाच्या खुर्चीत बसशील, एवढंच ना. साहेबांना कळव की उभं राहणं जमणार नाही. ते स्वतः बत्तीस वर्षं खुर्चीत बसूनच मोठे झालेत.

मार्चमध्ये येणार होते, ते आता जमत नाही. शाळांचं काम अंगावर आलंय. रागावू नकोस. तिथे आले असते तर मीच मोजलं असतं.

मनात माया असू द्यावी, तोंडाने कितीही भांडले तरी.

टाचणी


३ एप्रिल

वन्संना,
वहिनीचा नमस्कार.

हे पत्र मी यांना न सांगता डेपोसमोरच्या पेटीत टाकणार आहे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच करते आहे.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी टेप घेऊन गेले. यांनी दार लावून घेतलं. गेला महिनाभर पाय लावताना आणि काढताना मला खोलीत येऊ देत नाहीत. आधी पाय भिंतीला टेकवून ठेवायचे, आता पलंगाखाली सरकवतात. टोपडी स्वतः धुतात. एका हाताने पिळता येत नाहीत, ती टपटपत दोरीवर असतात, आणि एकावर पिवळा डाग होता. वास येतो, वन्सं. मी विचारलं तर म्हणाले, घामाचा आहे. दुखत नाही म्हणाले, आणि ते खरं असावं, कारण चेहरा तसा दिसत नाही. जे पाऊल नाही ते मात्र रोज दुपारी दुखतं, त्याला दात खाऊन शिव्या देतात.

माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील असं नाही, पण तुम्हाला घाबरतात. तुम्ही एकदा या. पत्राने होणार नाही.

तुमची
वहिनी


१० एप्रिल

ती. दादास,
सा. न.

नमस्काराखेरीज गोड काही लिहीत नाही. मला कुणी काही सांगितलेलं नाही, पण मला कळतं. हे पत्र मिळाल्या दिवशी डॉक्टरकडे जा. रिक्षा कर, जिने चढू नकोस, केबिनला सुट्टी टाक. गुडघा गेला तर उरलेलं आयुष्य काय करशील याचा विचार कर आणि वहिनी काय करेल याचा आधी कर. तिची कंबर आधीच मोडलेली आहे.

मी येऊ शकत नाही. कारण विचारू नकोस.

टाचणी


६ मे

चि. टाचणीस,
आशीर्वाद.

तुझं एप्रिलचं पत्र मिळालं होतं. उत्तर दिलं नाही, कारण दोन मेपर्यंत मला कुणाचंच ऐकायचं नव्हतं. आता लिहितो. अंगात थोडी कणकण आहे, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

भिंत सुंदर आहे. काळा दगड, वर पॉलिश, आपलं तोंड दिसेल असं. सकाळी दहाला मला उभं केलं, साहेब अकरा वाजता आले. मधे एका कार्यकर्त्याने खुर्ची आणली, ती मी परत पाठवली. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून पाऊण तास भाषण केलं. त्याच खांद्यावर. माणसाची जिद्द, लोखंडी पाय, आणि काय काय. मी काठीवर भार देऊन उभा होतो आणि समोर बघत होतो, कारण पहिल्याच रांगेत ड्रायव्हरची बायको बसली होती. पूर्ण पांढरी झाली आहे. मला बघून तिने मान हलवली. मला वाटलं, झालं, एवढ्यासाठीच उभा होतो.

मग मी दोरी ओढली.

टाळ्या संपल्यावर ती भिंतीजवळ आली. तिने पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि एकेक नाव करत खाली आली. शेवटपर्यंत आली. मग पुन्हा वरून सुरुवात केली. मीही तिच्या बोटाबरोबर वाचत होतो. ड्रायव्हरचं नाव नव्हतं, टाचणे. यादी धरून उभ्या असलेल्या कारकुनाला विचारलं. त्याने पानं चाळली आणि अगदी सभ्यपणे सांगितलं की भिंतीवर फक्त जागेवर गेलेल्यांची नावं आहेत. ड्रायव्हर अकराव्या दिवशी हॉस्पिटलात गेला. नियमात बसत नाही.

माझ्याकडे वळून तिने विचारलं की मी इतका वेळ उभा का आहे, बसत का नाही. साहेब तोवर गाडीत बसले होते.

रात्रीची गाडी धरून घरी आलो. पाय काढला तेव्हा वाटीत रक्त होतं. पेलाभर असेल. मला काही कळलंच नव्हतं. तुझ्या वहिनीने पाहिलं आणि ती खाली बसली.

उद्या दवाखान्यात जातोय. तू जिंकलीस, खूश हो.

दादा


२१ मे

वन्संना,
नमस्कार.

फोनवर बोलताना मला रडू फुटलं म्हणून नीट सांगता आलं नाही. लिहिते.

गुडघा गेला. पंधरा तारखेला मांडीतून काढला. जखम हाडापर्यंत गेली होती आणि विष वर चढायला लागलं होतं, दोन दिवस उशीर झाला असता तर माणूसच हाती लागला नसता असं डॉक्टर म्हणाले. साखरेमुळे खुंटाच्या कातडीची संवेदना गेली होती. यांना टोचत होतं ते कळतच नव्हतं. शुद्धीवर आल्यावर यांनी हाताने पांघरूण चाचपलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या दिवशी पहिलं बोलले ते केबिनबद्दल. मॅनेजर भेटून गेला होता. केबिन खाली आणायला मंजुरी आली आहे, आणि तिथे दुसरा माणूस बसला आहे.

एक गोष्ट विचारायची नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. डॉक्टरांनी दाखवलं, जखम टोकाला होती आणि तिथे एक सरळ रेघ उमटली होती, दोऱ्याने आखल्यासारखी. टोपडी कुणी केली म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, बाजारातून आणली. तुमचं नाव घेतलं नाही. यांनाही हे माहीत नाही. पण वन्सं, तुमच्या टोपड्याला बत्तीस वर्षं कधी शिवण नव्हती.

तुमची
वहिनी


९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र चौथ्यांदा लिहिते आहे. आधीची तीन फाडली.

टोपड्याला शिवण मी घातली. टोपडं चार सुयांवर गोल विणावं लागतं, म्हणजे त्याला सांधा येत नाही. माझे दोन्ही अंगठे गेल्या वर्षापासून वळत नाहीत. कात्री कशीबशी धरते, दुकानात कापण्याचं काम नवी बाई करते आणि मी करते असं सगळ्यांना सांगते. सुया हातातून पडायला लागल्या. तुला कळवलं असतं तर तू लिहिलं असतंस की राहू दे, विकतची घेईन. तेच मला नको होतं. एकोणिसाव्या वर्षापासून तुझ्यासाठी करण्यासारखं माझ्याकडे हे एकच होतं. म्हणून कापड आणलं, मशीनवर मारलं, टोकाची शिवण इस्त्रीने दाबून चपटी केली आणि तुला लिहिलं की हल्ली असंच करतात. कुणीच असं करत नाही. कारागिराने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आत शिवण नको, सुरकुती नको. तेही मी लिहून घेतलं होतं.

मार्चमध्ये आले नाही, कारण तू माझे हात पाहिले असतेस. वहिनीने बोलावलं तरी आले नाही. तुला जिने चढू नकोस म्हणून शहाणपण शिकवत होते आणि स्वतः इथे हात पदराखाली घेऊन बसले होते.

वहिनीला यातलं थोडं माहीत आहे. मला वाचवायला ती डॉक्टरांशी खोटं बोलली. तिला काही बोलू नकोस.

क्षमा मागत नाही. मागून गुडघा येणार असता तर मागितली असती.

टाचणी


१ जुलै

चि. टाचणीस,
दादाचे आशीर्वाद.

पत्र वाचलं. दोन आठवडे मी तुझ्यावर रागावलो होतो. अजून आहे. ते आधी लिहून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं गोडगोड वाटेल.

आता माझं ऐक. चौतीस, एकतीस, सत्तावीस हे आकडे खोटे होते. अडीच वर्षं खोटे होते. पहिल्या वेळी मोजलं तेव्हा चौतीसच्या जागी बत्तीस आलं, आणि मला दिसलं की आता तू मागे लागणार, कारागिराकडे जा, नवी वाटी घे, दोन महिने खुर्चीत बस. दोन महिन्यांत मॅनेजरने प्रेमाने दुसरा माणूस बघितला असता. म्हणून जुनाच आकडा लिहिला. मग तोच लिहीत गेलो. शेवटी टेप लावणंही सोडलं, नुसतं लिहायचो. खुंट आटत गेला आणि वाटी ढिली झाली, ती भरून काढायला मी एकावर एक तीन टोपडी घालत होतो. तुझी एक शिवण बहुधा मला काही करू शकली नसती. मी तीन शिवणी एकावर एक घालून अकरा पायऱ्या चढत होतो.

तुझी वहिनी म्हणते, तुम्ही दोघं भावंडं एकमेकांना जपता जपता माणूस मारून टाकाल. तिचं काही चुकत नाही. तिला आता मला उचलावं लागतं. पूर्वी गुडघ्यावर जोर देऊन मी खुर्चीतून पलंगावर जायचो, आता ती काखेत हात घालते आणि आम्ही दोघं मिळून एक, दोन, तीन म्हणतो. तिच्या कमरेला पट्टा आलाय. खांद्याचा डॉक्टर म्हणतो, खुर्ची ढकलायला खांदा पाच वर्षं पुरेल. त्यानंतरचं त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ड्रायव्हरच्या बायकोचं पत्र आलं होतं. मी बसलो का, एवढंच विचारलंय. तिला कळवलं, बसलो.

कारागीर घरी येऊन गेला. पुन्हा दोन्ही पाय लावून चालण्याची आशा ठेवू नका म्हणाला, पण नुसतं पलंगावरून खुर्चीत जायला आखूड पाय करून देईन, सहा महिन्यांनी. तोवर सूज उतरायला टोपडं रोज घालायचं आहे. विकतचं मिळतं. मला तुझं हवंय. नव्या बाईला चार सुया शिकव, शेजारी बसून शिकव, आणि तिने रडायला सुरुवात केली तर तिला माझ्याकडे पाठव. आणि टोपड्यात शिवण आली तर आली म्हणून लिही, मी ते पायाला न लावता माइक पुसायला वापरेन. माइक आता नाही, पण टोपडं वाया जाणार नाही.

मापं तुझ्या वहिनीने घेतली आहेत, खाली तिच्याच अक्षरात आहेत. दर आठवड्याला बदलतील असं कारागीर म्हणाला. दर आठवड्याला कळवीन.

तुझी माया राहू दे. माझ्यावरचा रागही राहू दे, दोन्हीला जागा आहे.

तुझा
दादा

उजवी मांडी: वर अठ्ठावन्न, मधे चोपन्न, टोकाला एकोणपन्नास. सकाळी सात वाजता. दोनदा मोजलं.